घाटाचं तेल, मैदानाचं तेल

मोताळ्याच्या जब्बार मिस्त्रीला ब्रेकचं वेड लागलं ते मलकापुरात, ऐन विशीत. त्याचा बाप कल्हईवाला. गावोगाव भाता घेऊन फिरायचं, पितळेची भांडी उजळून द्यायची, आणि पोरानंही तेच करावं अशी त्याची इच्छा. पण जब्बारचा जीव भांड्यांत रमला नाही. मलकापूर स्टेशनाजवळ रुईच्या गाठी वाहणारे ट्रक दुरुस्त करणारे फकीर मोहम्मद उस्ताद होते, त्यांच्याकडे तो हाताखाली राहिला.

तोवर त्यानं पाहिलेल्या जुन्या गाड्यांचे ब्रेक सळयांनी नाहीतर तारांनी ओढले जात. त्यात नवल काही नव्हतं. वेसण ओढली की बैल थांबतो, तसंच ते. मग एक दिवस उस्तादांकडे नव्या बनावटीचा ट्रक आला. त्याच्या पोटाखाली ना सळई, ना तार. करंगळीपेक्षा बारीक एक नळी तेवढी पुढून मागं गेलेली. उस्तादांनी जब्बारला मागच्या चाकाशी झोपवलं, नळीच्या टोकाची चाकी, म्हणजे नट, सैल करायला सांगितली आणि स्वतः वर बसून पॅडल दाबलं. चाकाशी तेलाची पातळ धार उडाली. चाकी आवळून पुन्हा दाबलं, तेव्हा धार आली नाही, पण जॅकवर उचललेलं जे अवजड चाक जब्बार हातानं फिरवत होता, ते जागच्या जागी गप्प झालं.

"तेल दबत नाही, बेटा," उस्ताद वरून म्हणाले. "इथं दाबलं की ते तिथं ढकलतं. बस."

उस्तादांसाठी ते बस एवढंच होतं. जब्बारनं नळीवर तळहात ठेवून पाहिला. आत काही हलत नव्हतं, थरथरत नव्हतं. ती मुकी नळी तशीच थंड पडलेली, आणि तिच्यातून माणसाच्या पायाचा जोर गपचूप चालला होता. दुपारी जेवायला बसल्यावर भाकरीचा तुकडा त्याच्या हातात तसाच राहिला. उस्तादांनी दोनदा हाक मारली तेव्हा कुठं तो भानावर आला.

पुढं महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास त्यानं मोताळ्यात बुलढाण्याच्या रस्त्याला लागून स्वतःचं गॅरेज टाकलं. गॅरेज म्हणजे चार बल्ल्यांवर पत्रे आणि मागं राहायच्या दोन खोल्या. जागा मात्र त्यानं विचार करून निवडली होती. बुलढाणा वर डोंगराच्या पठारावर, मोताळा खाली, आणि मधे राजूर घाट. वरून उतरलेली गाडी खाली आली की तिचे ब्रेक तापलेले असत, आणि जब्बारच्या दारात ती घटकाभर थांबे. ड्रायव्हर चहाला जात आणि जब्बार एकेका चाकाच्या ड्रमजवळ हात नेऊन आच पाहत असे. कोणी हसलं तर हसो. कोणता माणूस घाट गिअरवर उतरला आणि कोणता नुसता ब्रेकवर, हे त्याला त्या आचेवरून कळे. एवढी उष्णता आणतं कोण, तर पायाखालचं ते तेल, याचं त्याला रोज नव्यानं अप्रूप वाटे. त्याची बायको खुर्शीदा म्हणायची की लोक नवजात पोराचं अंग बघतात तसा तुम्ही मोटारींचा ताप बघता.

त्याच्या गिऱ्हाइकांत जळगाव जामोदचा इंद्रभान होता. घरची मोठी शेती, वडील लवकर गेलेले, घरात आई रुखमाबाईचा शब्द चाले. इंद्रभानानं लष्कराच्या लिलावातली एक जीप आणली होती आणि ती तो जिवापाड जपत असे. हिवाळ्यात शंकरपट भरायचा, बैलांच्या शर्यती व्हायच्या. त्या संपल्या की त्याच मैदानावर भागातले जीपवाले आपली हौस भागवून घेत. मैदानाच्या दोन टोकांना डांबराचं एकेक पिंप ठेवलेलं. भरधाव जायचं, पिंपाजवळ करकचून ब्रेक लावायचा, वळसा मारायचा, परत भरधाव दुसऱ्या पिंपाकडे. असे फेरे.

पहिल्या साली इंद्रभानाच्या जीपमध्ये त्या वेळी सगळीकडे मिळायचं तेच ब्रेक ऑइल होतं, एरंडीचं तेल आणि स्पिरिट यांचं. रोजच्या रस्त्याला ते ठीक चाले. मैदानावर मात्र काही फेऱ्यांतच पॅडल मऊ पडलं आणि जीप पिंपाला न वळता सरळ कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या कुंपणात शिरली. लागलं कोणाला नाही, पण बैलांवाले आठवडाभर हसत होते.

इंद्रभानाला ते फार झोंबलं. त्याचा मेहुणा मुंबईला मोटारींच्या धंद्यात होता. त्याच्याकडून पुढच्या साली त्यानं खास शर्यतीच्या गाड्यांचं तेल मागवलं. सीलबंद डबा, आत पाण्यासारखं स्वच्छ, किंचित पिवळसर तेल. जब्बारनं दोन्ही तेलांची मिसळ होऊ दिली नाही. सगळ्या नळ्या धुतल्या, रबरं नवी घातली, नवं तेल भरलं आणि चारही चाकांशी नळ्यांत अडकलेली हवा काढली. मग तो स्वतः शर्यतीला गेला.

त्या दिवशी जे त्यानं पाहिलं ते पुढं बरीच वर्षं लोकांना सांगायचा. इंद्रभान फेऱ्यामागून फेरे मारत होता. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता, शेवटी शेवटी तर धूरही. तरी प्रत्येक पिंपाशी जीप नाक जमिनीला टेकवून थांबत होती. शर्यत संपल्यावर जब्बार धावत गेला आणि घाईत ड्रमला बोटं लावून बसला. बोटांना फोड आले. तसाच वर चढून त्यानं पॅडल दाबलं. दगडासारखं कडक. चाकं चुलीसारखी तापलेली, आणि त्यांच्यापाशी असलेलं तेल जसंच्या तसं. त्यानं बोटं तोंडात घातली आणि नुसता बसून राहिला. इंद्रभानाला फेटा बांधत होते, वाजंत्री चालू होती, तिकडं त्याचं लक्षही गेलं नाही.

परत आल्यावर जब्बारनं विचारलं की आता हे काढून नेहमीचं भरू का. इंद्रभान म्हणाला, काऊन काढायचं? जे मैदानावर टिकलं, ते घाटात काय टिकणार नाही? जब्बारलाही ते पटलं. एवढं ताकदीचं तेल काढून हलकं भरायचं, यात त्याला काही अर्थ दिसला नाही. तेल जीपमध्येच राहिलं.

उन्हाळा गेला. पावसाळाभर जीप नाल्यांतून, चिखलातून हिंडली. भादव्यात रुखमाबाई बुलढाण्याला लेकीकडे गेल्या होत्या, त्यांना आणायला इंद्रभान गेला. येताना राजूर घाटात, खालच्या वळणांवर, ब्रेक गेला. पॅडल तळाला टेकलं आणि वर आलंच नाही. एका अंगाला दरी. इंद्रभानानं जीप डोंगराच्या अंगाला घातली, मुरमाला घासत नेली आणि एका मोठ्या धोंड्याशी ती अडकून उभी राहिली. रुखमाबाईंचा हात मोडला. जीव वाचले.

एका ट्रकवाल्यानं रुखमाबाईंना परत वर दवाखान्यात पोचवलं. लेक तिथं होतीच. इंद्रभानानं जीप पहिल्या गिअरवर रांगवत मोताळ्याला आणली आणि जब्बारच्या दारात उभी केली. एक अंग पूर्ण खरवडलेलं, दिवा फुटलेला.  जब्बारनं आधी त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आईची चौकशी केली. मग जीपमध्ये चढून पॅडलवर पाय ठेवला.

ब्रेक होता. कडक, वर, अगदी शर्यतीच्या दिवशी होता तसा.

त्यानं पुन्हा दाबला. खाली उतरून चारही चाकं पाहिली. गळती नाही. ब्रेकच्या टाकीत तेल काठोकाठ. रबरं शाबूत.

"भाऊ, ब्रेक तं आहे," तो म्हणाला.

"मंग घाटात गेला कुठी होता?" इंद्रभान म्हणाला.

जब्बार पुन्हा जीपखाली शिरून एकेक नळी चाचपत राहिला.  तुटलेली वस्तू त्यानं हजारदा पाहिली होती. जी वस्तू घाटात नाहीशी होते आणि खाली आल्यावर आपली आपण परत येते, ती त्यानं पाहिली नव्हती. स्टँडावर बातमी पसरली, तशी माणसं जमली. कोणी म्हणालं घाटातल्या देवीला नारळ द्यायचा राहिला असेल. कोणी म्हणालं त्या वळणावर पूर्वी एक बैलगाडी गेली होती, तिथली जागा खराब आहे. जब्बार कोणाला खोटं पाडायला गेला नाही. खरं तर त्या दिवशी त्यालाही दुसरं काही सुचत नव्हतं.

रुखमाबाईंचा हात बांधून झाला, त्या लेकीकडे विसाव्याला राहिल्या. मग जब्बारनं इंद्रभानाला सांगितलं की जीप घेऊन आपण दोघं घाटात जाऊ, ज्या तऱ्हेनं ती उतरली त्याच तऱ्हेनं उतरवू. हातब्रेक वेगळा, तारेवर चालणारा, तो त्यानं आधी नीट तपासला. इंद्रभान म्हणाला, चला.

वर जाऊन जब्बारनं जीप वळवली आणि मोठ्या गिअरवर, नुसता ब्रेक दाबत उतार धरला. सकाळची वेळ, पाऊस उघडलेला, डोंगर हिरवागार, रस्त्याकडेचे ओहोळ वाहते. पहिली वळणं ठीक गेली. मग जळका वास आला. मग पायाखाली काहीतरी बदललं. पॅडल कडक होतं ते लोण्यासारखं झालं. पुढच्या वळणाला ते आणखी खाली गेलं, आणि त्याच्या पुढच्या वळणाला पायाखाली काहीच उरलं नाही. जब्बारनं गिअर पाडला, हातब्रेक ओढला आणि डोंगराच्या अंगाला मोकळी जागा हेरून ठेवली होती तिथं जीप घातली. जीप थांबली. 

जब्बारनं उतरून चाकाखाली दगड लावला. बिडी पेटवली, ती संपेपर्यंत दरीकडे बघत बसला. मग परत चढला आणि पॅडल दाबलं. मऊ होतं. थोडं थांबून पुन्हा दाबलं. मग पुन्हा. हळूहळू ते वर येऊ लागलं, आणि बघता बघता पहिल्यासारखं कडक झालं. त्यानं इंद्रभानाचा हात धरून त्याचा पाय पॅडलवर ठेवायला लावला. इंद्रभानानं दाबून पाहिलं आणि पाय एकदम काढून घेतला, जसा काही खाली एखादा जिवंत प्राणी असावा. जब्बारच्या अंगावर काटा आला होता. भीती होती, पण नुसती भीती नव्हती. मलकापुरात त्या मुक्या नळीवर हात ठेवला होता तेव्हा जे वाटलं, त्याच्याहून हे मोठं होतं.

त्यानंतर तो जेवताना बोलेना, काही विचारलं तर भलतंच उत्तर देई. घरात त्यांचं बोलणं उर्दूत चाले. खुर्शीदा स्वयंपाक करता करता विचारत राहिली, आणि तो तुटक तुटक सांगत राहिला. तापलं की जातं, निवलं की येतं. मग ती म्हणाली की तापल्यावर उठणारी आणि निवल्यावर बसणारी वस्तू म्हणजे वाफ. जब्बार म्हणाला, वाफ पाण्याची असते, आणि आत पाण्याचा थेंब नाही. सगळं झाकणबंद. पाणी जाईल कुठून?

खुर्शीदा भाजीत मीठ घालायला उठली. बरणीतलं मीठ पावसाळ्यानं पाझरून ओलंगच्च झालं होतं, तळाशी पाणी साचलेलं. तिनं चमचा आपटून आपटून मीठ सुटं करायला पाहिलं आणि वैतागून बरणीच त्याच्यापुढं धरली.

"इसमें पानी किसने डाला? हवा का पानी पी गया."

जब्बार बरणीकडे बघत राहिला. झाकण होतं. मीठ होतं. पाणी कोणीही घातलं नव्हतं.

दोन दिवसांनी सकाळी दोघा नवराबायकोनं मागच्या अंगणात, घरापासून लांब, तीन दगड मांडून निखारे केले. मेहुण्यानं धाडलेल्या त्याच जातीचा एक न उघडलेला डबा इंद्रभानाकडे होता, तो जब्बारनं मधल्या वेळात मागवून घेतला होता. दोन एकसारखी पत्र्याची झाकणं घेतली. एकात जीपमधून काढलेलं तेल, दुसऱ्यात डबा फोडून काढलेलं ताजं. दोन्ही निखाऱ्यांवर ठेवली आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसले.

ताजं तेल स्वस्थ होतं. जुन्याच्या तळाशी बारीक बारीक बुडबुडे धरू लागले. मग ते वर येऊन फुटू लागले. ताजं अजून स्वस्थ. जुनं चांगलं उकळायला लागलं, आणि ताज्याचा पृष्ठभाग अजून आरशासारखा. खुर्शीदानं पदर तोंडाला धरला होता, तिचे डोळे मोठे झाले होते. जब्बारनं तिसऱ्या झाकणात आणखी ताजं तेल घेऊन त्यात बोटानं पाण्याचे थोडे थेंब ढवळले आणि तेही ठेवलं. तेही लवकर उकळलं.

कितीतरी वेळ दोघं तशीच उकिडवी बसून होती. बंद टाकी, आवळलेल्या नळ्या, वर झाकण, झाकणाला हवेसाठी ठेवलेलं सुईएवढं भोक. त्या भोकातून सगळा पावसाळा थोडा थोडा आत उतरला होता. घाटात चाकं तापली, तेलातल्या पाण्याची वाफ झाली, आणि तेल दबत नसलं तरी वाफ दबते. पाय तळाला गेला तो त्या वाफेवर. निवल्यावर वाफेचं पुन्हा पाणी झालं, आणि ब्रेक परत आला. जे तेल मैदानावर सगळ्यात बळकट ठरलं होतं, तेच हवेतलं पाणी सगळ्यात हावरटपणे पीत होतं. जब्बारला ते तेल जिवंत वाटलं. आपण इतकी वर्षं त्याला हाताळत होतो आणि ते आपल्या नाकासमोर श्वास घेत होतं.

इंद्रभान आला तेव्हा जब्बारनं त्याच्यासमोर सगळं पुन्हा करून दाखवलं. इंद्रभान खाली वाकून बघता बघता म्हणाला की मेहुणाही बोलला होता, शर्यतीवाले दर शर्यतीला तेल बदलतात म्हणून. त्याला वाटलं होतं, ती मोठ्या लोकांची चैन असेल. ते दोघं खाटेवर बसले आणि ठरवायला लागले. एरंडीचं नको, त्यातलं स्पिरिट घाटातल्या आचेलाही लवकर उडतं. शर्यतीचं पाहिजेच, पण मैदानापुरतं. सील त्याच सकाळी फोडायचं आणि घरी परतण्याआधी काढून टाकायचं. बाकी वर्षभर तिसरं एक तेल होतं, नव्या मोटारींसाठी मलकापुरात मिळू लागलेलं. आच ते शर्यतीच्या तेलाइतकी सोसत नसे, पण पाणीही तितकं ओढत नसे. तेही पावसाळा सरला की सगळं बदलायचं. इंद्रभान म्हणाला, एवढं चांगलं दिसणारं तेल फेकून द्यायचं म्हणजे जीव तुटते. जब्बार म्हणाला की दिसतं चांगलंच, तीच तर अडचण आहे.

दसऱ्याच्या आधी रुखमाबाईंचा निरोप आला की हात जुळला, घरी न्या. इंद्रभानानं एसटीनं आणायचं ठरवलं. रुखमाबाईंनी साफ नाही म्हटलं. ज्या जीपमध्ये हात मोडला तिच्यातूनच उतरीन, आणि त्याच घाटानं. फक्त मिस्त्री सोबत पाहिजे.

जब्बारनं जीपमध्ये नवं तेल भरलं, हवा काढली, पुन्हा तपासलं. वर जाताना तो इंद्रभानाला गिअर कुठं पाडायचा ते बजावत राहिला. मैदानावर इंद्रभान स्वतःच्या हौसेनं जीव पणाला लावत होता. ही बाई मात्र काही न विचारता, जुळलेला हात पदरात घेऊन, पुढच्या सीटवर येऊन बसली. मागं बसलेल्या जब्बारला तिचा पांढरा अंबाडा तेवढा दिसत होता. घाट सुरू झाला तसा इंद्रभानानं गिअर पाडला, जब्बारनं बजावलं होतं तसा, आणि ब्रेक थोडा थोडा लावत उतरू लागला. ज्या वळणाला मुरमावर अजून जीपच्या घासल्याची रेघ होती, तिथं रुखमाबाईंनी हात जोडले. पॅडल कडक होतं. पुढच्या वळणालाही कडक. मग झाडं सरली आणि समोर पूर्णेच्या खोऱ्याचं सगळं सपाट रान उघडलं, फुटू लागलेल्या कपाशीनं पांढरं ठिपकलेलं, आणि पार टोकाला सातपुड्याची निळी रेघ. जब्बार त्या रस्त्यानं शेकडो वेळा उतरला होता. असं समोर पसरलेलं काही त्यानं त्या दिवशीच पाहिलं.

घाटाखालचं राजूर गाव गाठल्यावर रुखमाबाईंनी जीप थांबवायला लावली.

"मिस्त्री, हे सारं ओझं धरते ते तेल किती असते रे?"

जब्बारनं डब्यात उरलेलं तेल तळहातावर ओतून दाखवलं. पसाभर.

"एवढंच, मायजी. याच्याहून थोडं जास्त."

त्या बघत राहिल्या. मग त्यांनी एक बोट त्यात बुडवलं आणि कपाळाला लावलं. जब्बार गडबडून गेला. हे तेल गाडीचा रंग खातं, कपाळ धुऊन घ्या, असं तो सांगत राहिला. इंद्रभानानं सुरई पुढं केली.

त्या सालापासून पावसाळा सरला की मोताळ्याच्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागू लागली. जिनिंगचे ट्रक, टॅक्स्या, पुढं पुढं चिखली आणि नांदुऱ्याकडच्या जीपाही. जब्बार प्रत्येक गाडीचं सगळं तेल उतरवायचा आणि उघडलेला डबा दुसऱ्या दिवसासाठी कधी ठेवायचा नाही. कोणी का म्हणून विचारलं तर खुर्शीदा आतून मिठाची बरणी आणून दाखवायची. इंद्रभान मैदानावर आणखी काही वर्षं धावला, कधी जिंकला, कधी नाही. शर्यत संपली की तो जीप तिथंच उभी करायचा आणि जब्बार शर्यतीचं तेल काढून घाटाचं भरायचा, मगच ती हलायची.

रुखमाबाई लेकीकडे जायच्या आधी स्वतः जीपमधून मोताळ्याला येत, खाटेवर बसून तेल बदललेलं डोळ्यांनी बघत आणि मगच वर जात. चढायला ब्रेक कशाला लागतो, असं इंद्रभान दर वेळी म्हणायचा.

"चढतो तं उतरासाठीच ना," त्या म्हणायच्या, आणि जब्बारला घाई करू नको म्हणून सांगायच्या.